घोटलेली छाया

ग्वाल्हेरचं ऊन वर्षातून एकदाच माणसात येतं, ते कार्तिकात. चैत्रापासून ते आमच्या जिवावर उठलेलं असतं, मग पावसाळाभर घामाने भिजवतं, आणि दिवाळीच्या पणत्या विझल्या की एखाद्या सकाळी गच्चीवर जावं तर कोपऱ्यात शहाण्यासारखं बसलेलं असतं. खाली गल्लीत पिंजारी रजयांचा कापूस पिंजू लागतात. गजकवाल्याकडे तीळगुळाच्या मिठाईवर लाकडी हातोडे पडू लागतात. माझं सगळं आयुष्य माधवगंजात गेलं, तरी हा आवाज पहिल्यांदा कानावर आला की हातातलं काम थांबतं. या दिवसांत इतरांना भूक लागते, मला जड होतं. वय झाल्यामुळे आता कुणी कारण विचारत नाही, हे एक बरं आहे.

परवा शेजारची कॉलेजातली मुलगी एक डबी घेऊन आली. मी शाळेत चित्रकला शिकवायचे हे तिला ठाऊक आहे, म्हणून काहीही नवं घेतलं की दाखवायला येते. डबीत कागदाच्या घट्ट गुंडाळलेल्या, दोन्ही टोकं निमुळती केलेल्या पांढऱ्याशुभ्र कांड्या होत्या, बारकीपासून जाडीपर्यंत ओळीने लावलेल्या. "आजी, पूरा सेट आला," ती म्हणाली. "याने ना, एकदम स्मूद शेडिंग येते. एक पण दाग नाही दिसत."

मी "छान आहे" म्हटलं. एरवी मी एवढ्यावर कुणाला सोडत नाही, पण त्या दिवशी तिला जाऊ दिलं.

माझे वडील, आमचे अण्णा, शिंद्यांच्या दरबारच्या बांधकाम खात्यात नक्शानवीस होते. म्हणजे इमारतींचे आराखडे काढायचे. दरबार गेला, मध्य भारत आला, तरी अण्णांची खुर्ची तीच राहिली, कागदावरचा शिक्का तेवढा बदलला. नव्या राज्यात ग्वाल्हेरलाही राजधानी व्हायचं होतं आणि इंदूरलाही. तोड अशी निघाली की सरकारने हिवाळ्यात इथे नांदायचं आणि उन्हाळ्यात तिथे. "दोन बायका, फजिती ऐका," आत्या म्हणायची. आत्या म्हणजे अण्णांची मोठी बहीण. तरुणपणीच विधवा होऊन आमच्याकडे आलेली, आणि जगात तिच्या जिभेला भीत नसेल असं फक्त सरकार. उन्हं तापली की सरकारची कपाटं आगगाडीत चढायची आणि त्यांच्यामागून अण्णा. मग आम्ही कार्तिकाची वाट बघायचो. टांगा गल्लीच्या तोंडाशी थांबायचा, अण्णा इंदूरच्या शेवेचा डबा छातीशी धरून उतरायचे, आणि आई दारात यायची ती हात पदराला पुसत. हात कोरडे असले तरी पुसायची. अण्णा आल्यावर पहिला आठवडाभर घरात कुणी कुणाला रागवत नसे.

असा आमच्याकडे कार्तिक म्हणजे माणूस परत येण्याचा महिना होता. एका वर्षी तो उलटा फिरला.

त्या वर्षी वैशाखात आई गेली. ताप मुदतीचा होता, मुदत संपायच्या आधीच ती संपली. अण्णा इंदूरला होते. तार मिळून ते पोचले तेव्हा माणसं स्मशानातून परत आली होती आणि आत्या ओसरी धूत होती. माझी बहीण सुमी तेव्हा दुपट्यात होती. मी अकरा वर्षांची होते. आणि त्या वर्षी अण्णा आधीच, दसऱ्यालाच घरी आले ते सांगत आले, की आता मध्य भारतच राहत नाही. मोठं राज्य होणार, राजधानी भोपाळला. कोर्ट जबलपूरला चाललं, अमकं खातं इथे राहणार, तमकं तिथे जाणार. भावाभावांत वाटणी होताना भांडी मोजावीत तसं सगळं चाललं होतं. दाल बाजारात लोक डाळीऐवजी रिकामी पोती आणि सुतळी विकत घेत होते. कचेरीतले नकाशे पत्र्याच्या नळकांड्यांत जात होते. जो तो एकमेकाला एकच विचारायचा, "तुमचं कुठे?" अण्णांचं भोपाळ होतं. तिथे बिऱ्हाडाला जागा नव्हती, कचेरीलाच जेमतेम होती, म्हणून आत्या, मी आणि सुमी ग्वाल्हेरातच राहणार होतो.

अण्णांना एकच काळजी लागून राहिली. "सुमीला आई माहीत हवी," ते म्हणायचे. "मी इथे असतो तर बोलून बोलून सांगितलं असतं. मी नाही, तर ही कुणाला आई म्हणणार?"

आईचा एकच फोटो होता. कुणाच्या तरी लग्नातला, सगळ्या गोतावळ्यासकट, आणि त्यात ती मागच्या रांगेत. तोंड तुरीच्या डाळीएवढं. अण्णांनी कचेरीचं भिंग आणलं, गच्चीवर फळी मांडली, जाड कागद ताणून बसवला आणि दिवाळीच्या सुट्टीत आईचं मोठं चित्र काढायला बसले. मी त्यांची मदतनीस. त्या दिवसांत त्यांनी मला जे शिकवलं तेच पुढे मी जन्मभर मुलींना शिकवत राहिले.

कांड्या मीच करायची. शाईचा टीपकागद तिरपा कापायचा, आत्याच्या विणायच्या सुईवर घट्ट वळत न्यायचा, कड खळीने चिकटवायची, वाळली की टोक पॉलिशकागदावर फिरवून निमुळतं करायचं. सैल वळलेली कांडी अण्णा न बोलता परत द्यायचे. गालासाठी जाड, पापणीखाली बारीक. काळोखाची कांडी उजेडात न्यायची नाही, तिला वेगळ्या पेल्यात ठेवायचं. मोठ्या भागासाठी कापसाचा बोळा. आणि त्याहून मऊ काम असेल तर कमावलेल्या कातड्याचा तुकडा, जो अण्णांनी शिंदे की छावनीतल्या एका म्हाताऱ्या खोगीरवाल्याकडून आणला होता. फौज विलीन झाली, घोडे गेले, पण त्याच्याकडे कातडी पडून होती. बोट मात्र कागदाला लावायचं नाही. "बोटाला तेल असतं," अण्णा सांगायचे. "आज दिसत नाही. महिन्याने तिथे डाग उमटतो." आत्या कुतूहलाने जवळ आली की अण्णा तिला आधी हात दाखवायला लावायचे, आणि ती म्हणायची, "मी काय तुझ्या बायकोला खाऊन टाकते?"

पेन्सिलीची पूड करून ती कांडीने उचलायची आणि बारीक बारीक गोल फिरवत उजेडाकडून काळोखाकडे जायचं. याला अण्णा 'घोटणं' म्हणायचे. रेघ दिसेनाशी होईपर्यंत घोटायचं. कागदाला बारीक लव असते, तिच्यात पूड बसत जाते आणि कपाळ कपाळासारखं गोल दिसायला लागतं. मी श्वास रोखून बघायची. कागदावर काहीच नव्हतं, आणि मग तिथे आईच्या नाकाची सावली होती. मी आईला पाच-सहा महिन्यांनी बघत होते. एकदा तर मी उठून खाली गेले आणि पाणी पिऊन परत आले, कारण तिने माझ्याकडे बघायला सुरुवात केली होती.

पण चित्र पुरं होत आलं तसतसं मला चुकल्या-चुकल्यासारखं व्हायला लागलं. डोळे तिचे होते, केसांचा भांग तिचा होता, हनुवटी तर हुबेहूब. तरी ही बाई आमच्या घरातली नव्हती, कुठल्या तरी चांगल्या घरातली पाहुणी होती. मग माझ्या ध्यानात आलं.

"अण्णा, आईचे वण?"

"कसले वण?"

"देवीचे. तोंडावरचे."

आईला लहानपणी देवी आल्या होत्या. त्यातून ती वाचली, पण चेहरा वणांनी भरलेला राहिला. माझ्यासाठी तो चेहरा म्हणजेच आई होती. तिच्या मांडीवर पडून मी त्या खळग्यांवरून बोट फिरवायची आणि ती "पुरे गं" म्हणत हसायची. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मग चित्राकडे. मला वाटलं ते लपवतायत, चित्र चांगलं दिसावं म्हणून. तसं नव्हतं.

"होते खरे," ते सावकाश म्हणाले. "लग्न ठरवताना लोकांनी मला सांगितलं होतं. दोघा-तिघांनी नकार दे म्हणून पण सांगितलं. मग... मला दिसायचेच बंद झाले, शालू. मी आता आठवायला गेलो तर मला ही अशीच दिसते."

आज विचार करते तेव्हा वाटतं, एखाद्या बाईवर नवऱ्याने याहून काय प्रेम करायचं. पण तेव्हा मला रागच आला. माझी आई त्यांच्या प्रेमाने पुसून टाकली होती आणि आता तीच पुसलेली सुमीला मिळणार होती.

"सुमीला खोटी आई नको," मी म्हटलं.

अण्णा फळीवरून बाजूला झाले आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. "मग तू काढ. तुला माहीत आहेत ना कुठे आहेत?"

मला माहीत होते. डोळे मिटून विचारलं असतं तरी मी एकेकावर बोट ठेवून दाखवलं असतं. मी बसले आणि हात कुठेही अडला नाही. कपाळ, गाल, नाकाची बाजू, एकेक जागा भरत गेले. डबलरोटीच्या मऊ गराने पूड टिपून उजेड काढायचा, पेन्सिलीने काळोख घालायचा, एवढं मला येत होतं. काय येत नव्हतं ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. खळगा काढायचा तर उजेडाकडची कड काळी ठेवायची आणि पलीकडची उजळ. फोड काढायचा तर बरोबर उलट. मी उलट केलं. जिथे आईच्या गालावर खोलगट जागा होत्या तिथे माझ्या हातून टपोरे फोड उठले. जवळून मला ते कळलं नाही. मी खुशीत मागे सरकले.

आत्या सुमीला घेऊन वर आली होती. तिने चित्र पाहिलं आणि ती जिन्याच्या तोंडाशीच थांबली.

"अगं बाई, हिला तर आत्ता देवी आल्यात," ती म्हणाली.

अण्णांचा चेहरा मी अजून विसरले नाही. आईच्या आजारात ते जवळ नव्हते. शेवटी ती कशी दिसत होती ते त्यांनी पाहिलं नव्हतं, कुणाला विचारलंही नव्हतं. आणि आता त्यांच्यासमोर तापाने फुललेली, आजारी, मरायला टेकलेली बायको होती, ती मी काढून ठेवली होती. ते परत फळीपाशी बसले. जाड कांडी उचलली आणि कपाळापासून सुरुवात केली. बारीक बारीक गोल, घाई नाही. एकेक फोड बसत गेला. त्यांची मान खाली होती, आणि कागदावर पाणी पडू नये म्हणून ते मध्येच तोंड फिरवून बाहीला डोळे पुसत होते.

"मी परत काढते," मी म्हटलं. "मला जमेल आता."

"कागद मेला, शालू," अण्णा म्हणाले. घोटून घोटून लव बसली की कागदावर चकाकी येते आणि मग तो पेन्सिल धरत नाही, नुसती सरकते. आईच्या दोन्ही गालांवर ती चकाकी आली होती. दुसरा कागद ताणून सगळं नव्याने करायला दिवस उरले नव्हते. "राहू दे आता. सुमी घाबरेल नाहीतर."

आत्याने समजूत काढली. "गेलेल्या माणसाला कोणी डाग लावतं का, बेटा? देवाच्या घरी सगळे साफ होऊनच जातात." तिला ते खरंच वाटत होतं.

भाऊबीज झाली आणि अण्णा भोपाळला गेले. स्टेशनावर निम्मं माधवगंज होतं. पुरुष गाडीत आणि बायकापोरं फलाटावर, आणि सगळ्यांच्या हातात शिदोरी. एक म्हातारे गृहस्थ खिडकीतून कुणाला तरी सांगत होते, की सरकार आहे, आज गेलं, उद्या येईल परत हिवाळ्यात, सवय आहे त्याला. लोक हसले. गाडी सुटल्यावर आत्या मला म्हणाली, "चल, खाना गार होऊन जाईल." घरी आलो तर भिंतीवर आई होती, स्वच्छ, देखणी, एक डाग नसलेली.

ते चित्र आमच्या घरात मग कायमचं राहिलं. येणारी बाई थांबून बघायची. "किती सुंदर होती हो," म्हणायची, आणि जिने आईला पाहिलं होतं अशी आत्यासुद्धा मान हलवून म्हणायची, "होतीच." पहिली काही वर्षं मी मनातल्या मनात नाही म्हणायची. सुमी बोलायला लागली तीच चित्राकडे बोट दाखवून आई म्हणत. परीक्षेला जाताना चित्राला नमस्कार, ताप आला की चित्रासमोर अंथरूण. तिला वणांचं कधी सांगावं? पाच वर्षांची असताना सांगावं तर समजणार नाही, दहाव्या वर्षी सांगावं तर रडेल. मग माझं लग्न झालं, दोन गल्ल्या पलीकडे. अण्णांना भोपाळला क्वार्टर मिळालं, ते आत्याला आणि सुमीला घेऊन गेले, आणि चित्रही गेलं. माधवगंजातली आमची जागा रिकामी झाली त्या दिवशीही कार्तिकच होता.

पुढे मी शिक्षिका झाले. बोटाने पेन्सिल फासणाऱ्या मुलींवर मी फार ओरडायची. आणि दर हिवाळ्यात, संत्री आली की, वर्गात एकेकीच्या पुढ्यात संत्रं ठेवून त्याच्या सालीवरचे खळगे काढायला लावायची. उजेडाकडची कड काळी, पलीकडची उजळ. बाकीचं संत्रं गोल घोटायचं, पण खळगे घोटायचे नाहीत, ते शेवटी अणकुचीदार पेन्सिलीने. मुलींना वाटायचं, बाईंना संत्र्याचं वेड आहे. माझा हात त्यात इतका बसला होता की झोपेत काढले असते. प्रत्येक वेळी वाटायचं, एकदा भोपाळला जाऊन चांगला कागद ताणावा आणि आईला नव्याने, खरी काढावी. भोपाळला गेलेही कितीदा. अण्णांच्या हयातीत हात धजला नाही. त्यांच्यानंतर संसार, नोकरी, सुमीच्या घरातलं कार्य, माझ्या घरातलं आजारपण. वाटायचं, घाई काय आहे, आई तर माझ्यापाशी आहे.

गेल्या कार्तिकात सुमी आली. भोपाळचं घर विकून ती आता मुलाकडे पुण्याला राहायला चालली होती. बँकेत नोकरी करून निवृत्त झालेली, गुडघे दुखणारी, माझ्यासारखीच जाड चष्म्याची सुमी. तिला मी अजून पोरगी समजते. तिच्याबरोबर जुन्या दुलईत गुंडाळलेलं चित्र होतं.

आम्ही गच्चीवर उन्हात बसलो. तिने दुलई सोडली. "हे तू ठेव, ताई. मुलाचा फ्लॅट छोटा आहे. आणि सच सांगू का, मला आता हिच्यासमोर उभं राहवत नाही. मी सत्तरीला आले आणि ही अजून तिशीची. तोंडावर एक सुरकुती नाही, एक दाग नाही. मीच हिची आई दिसते."

"होते," मी म्हटलं.

"काय होते?"

"दाग. देवीचे वण. तोंडभर होते."

मी ठरवून बोलले नव्हते. इतकी वर्षं जे तोंडातून निघालं नाही ते उन्हात बसल्या बसल्या निघून गेलं. सुमीने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला, आणि चित्राकडे बघत बसली. मी तिला सगळं सांगितलं. अण्णा, भिंग, माझे फोड, मेलेला कागद, सगळं. तिला राग येईल असं वाटलं होतं.

"मी जिला नमस्कार करत होते," ती म्हणाली, "ती मग कोण गं?"

"आईच. अण्णांची."

"मला माझी पाहिजे." ती एकदम लहान मुलीसारखं बोलली. "तू तर तिला बघितलंस, ताई. तू मांडीवर झोपलीस तिच्या. मी जन्मभर तुझा हेवाच करत आले, तुला पता तरी आहे का? मला दाखव ती कशी होती. तुझ्याकडे कागद आहे ना? आत्ताच काढ."

माझ्याकडे कागद होता. चांगला होता. कांड्या होत्या, माझ्या हाताने वळलेल्या. मी फळी मांडली, तासाभरात चेहऱ्याचा आकार उतरवून घेतला, डोळे, भांग, हनुवटी. अण्णांचं चित्र समोर होतंच. हलकं घोटून घेतलं. मग सगळ्यात अणकुचीदार पेन्सिल उचलली. सुमी माझ्या खांद्याशी वाकली होती. पेन्सिल गालापाशी नेली आणि थांबले.

"काय झालं?"

"थांब जरा."

खळगा कसा काढायचा ते मला येत होतं. माझ्याइतकं चांगलं ग्वाल्हेरात कुणाला येत नसेल. मी डोळे मिटले आणि आईला समोर आणलं. ती आली, लगेच आली, डोळे, भांग, हनुवटी, आणि गाल तेच, गुळगुळीत, अण्णांनी घोटलेले. मी तिला बाजूला सारून पुन्हा बोलावलं. पुन्हा तीच आली. मी तिची मांडी आठवली, साडीचा वास आठवला, "पुरे गं" आठवलं, त्या खळग्यांचा बोटाला होणारा स्पर्शसुद्धा आठवला. पण कुठे? कपाळावर किती, गालावर कुठल्या बाजूला? अकराव्या वर्षी मला कुठे ते माहीत होतं आणि कसं ते नव्हतं. आता कसं ते सगळं येत होतं आणि कुठे, ते एकही सांगता येत नव्हतं. वाटेल तिथे चार खळगे काढले असते तर सुमीला कळलं नसतं. माझ्याच्याने ते झालं नाही.

"सुमी, मला आठवत नाहीत गं," मी म्हटलं. "एक पण नाही."

तिने माझ्या बोटांतून पेन्सिल सोडवून घेतली आणि फळीवर ठेवली.

"म्हणजे तुझी पण गेली, ताई," ती म्हणाली, आणि सरकून माझ्याजवळ आली.

आई गेली त्या दिवशी सुमी माझ्या मांडीवर होती. तिला सांभाळायचं म्हणून मी रडले नव्हते. त्या दुपारी रडले.